वादी क्रमांक एक, प्रतिवादी क्रमांक एकोणीस

कोर्टात माणसाला एकाच बाजूला बसता येतं, असा माझा समज होता. मी एकाच दाव्यात दोन्ही बाजूंना बसून आले. त्यासाठी फार हुशारी लागत नाही. तीस वर्षं शाळेत चौथीच्या मुलांना ‘आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा’ म्हणून बजावलेलं असावं आणि स्वतः मात्र न वाचता सही केलेली असावी, एवढं पुरतं.

दावा आमच्या वाडीचा होता. वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, खाली खाडी आणि मध्ये उतारावर आमची पंचवीस-तीस घरं. निम्मी हिंदूंची, निम्मी मुसलमानांची, आणि सगळ्यांची मिळून पिण्याच्या पाण्याची विहीर एक. ती सड्याच्या पायथ्याशी, कातळातून येणाऱ्या झऱ्यावर बांधलेली आहे. नळयोजना आमच्याकडेही आली. टाकी बांधली, टाकीवर मान्यवरांची नावं रंगवली, उद्घाटनाला नारळ फुटला. पाणी तेवढं आलं नाही. त्यामुळे विहीर गेली तर वाडीने टँकरची वाट बघत रस्त्यावर हंडे मांडून बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सड्यावर चिरेखाण सुरू झाली तेव्हा वर्षभर आम्ही कोणी काही बोललो नाही. आमची सगळ्यांची घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचीच, त्यामुळे चिरे कापणाऱ्याला नावं ठेवायला तोंड उघडेना. पण घरापुरते चिरे काढणं वेगळं आणि खोबऱ्याच्या वड्या पाडाव्यात तसा यंत्राने आख्खा सडा कापत नेणं वेगळं. पावसाळ्यात खाणीतली माती आणि लाल भुगा पऱ्यातून, पावसाळी ओढ्यातून, खाली आला आणि विहिरीत उतरला. खाडीकाठच्या ज्या खडकांवर आमच्या बायका कालवं काढायच्या, ते खडक चिखलाखाली गेले. उन्हाळ्यात उलटं झालं. झऱ्याला मिळणारं पाणी खाणीच्या खड्ड्यात अडलं आणि विहिरीचा तळ होळीलाच दिसायला लागला. पुढच्या हंगामात खड्डा झऱ्याच्या अंगाला वाढवणार, अशी खाणीवरच्या कामगारांकडून बातमी आली. तसं झालं की विहीर संपलीच.

खाणवाला माणूस मोठा सुसंस्कृत. पर्यावरण दिनाला शाळेत येऊन त्याने प्रत्येक मुलाला एकेक रोप वाटलं. निवृत्त शिक्षिका म्हणून आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते केलंही. या रोपांना पाणी कुठून घालायचं हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भाषण छान झालं असं सगळे म्हणाले.

दाव्याचं डोकं मात्र माझं नव्हे, शेजारच्या चाचांचं. चाचा बोटीवर इंजिनखात्यात नोकरी करून आता घरी बसलेत. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांनी विहिरीवरची बादली माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाले, “बाई, बोटीच्या टाकीतलं गंजकं पानी परवडलं. त्याच्यावर निदान कंपनीचा शिक्का तरी होता.” बादलीत चहापेक्षा गडद पाणी होतं. मग चौदा जणांनी मिळून कोर्टात जायचं ठरलं. लिहिता-वाचता येणारी म्हणून मी वादी क्रमांक एक झाले, चाचा क्रमांक दोन.

वकील माझीच जुनी विद्यार्थिनी मिळाली. लहानपणी गणितात कच्ची होती, म्हणून कायद्याला गेली असं मी तिला चिडवायचे. दाव्याचा मसुदा मी सहा पानी लिहून दिला. तिने त्यातली निम्मी विशेषणं काढून टाकली. ‘लोभी’ काढलं, ‘राक्षसी’ काढलं. ‘बेजबाबदार आणि निष्काळजी’ एवढं तरी राहू दे म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा ते राहिलं. दावा दाखल झाल्यावर मी तो परिच्छेद चाचांना दोनदा वाचून दाखवला.

खाणीखालची जमीन कोणाची, हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. फलकावर खाणवाल्याचं नाव होतं, म्हणजे त्याची असणार. सड्यावरचा गाव हे माझं माहेर. तिथे कातळावर आमचाही एक मोठा तुकडा होता, वडिलोपार्जित, पण तो माझ्या थोरल्या भावाने केव्हाच विकला होता. निदान दादा तसं म्हणाला होता. खाण सुरू झाली तेव्हा मी त्याला विचारलं होतं, “आपला तुकडा तिकडेच कुठे तरी होता ना रे?” तर म्हणाला, “तो केवाच विकला गो बाय. कातळ तो, काय पिकतंय त्याच्यावर.” विषय संपला होता.

तो कोर्टात पुन्हा सुरू झाला. खाणवाल्याने दाव्याला जे लेखी उत्तर दिलं, ज्याला कोर्टात कैफियत म्हणतात, त्यात लिहिलं होतं की जमीन माझी नाही, मी फक्त कराराने चिरे काढतो, मूळ मालकांना प्रतिवादी केल्याशिवाय हा दावा चालूच शकत नाही. जज्जसाहेबांना ते पटलं. त्यांनी मालकांना सामील करून घ्यायला आम्हाला मुदत दिली.

आमच्या वकीलबाईने त्या जमिनीचा सातबारा काढला आणि मला ऑफिसात बोलावलं. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला नाही त्याला सांगते, जमीन एक असते आणि तिच्यावर नावं असतात वऱ्हाडभर. वाटप कोणी करत नाही. मेलेल्याचं नाव कोणी काढत नाही, जन्मलेल्याचं कोणी तरी घालतो. त्या कागदावर एकतीस नावं होती. ती मोठ्याने वाचू लागली आणि मी, जुनी खोड, हजेरी घेत असल्यासारखी ऐकू लागले. चौथ्या-पाचव्या नावाला मला वाटलं, आडनाव ओळखीचं आहे. आठवं नाव माझ्या मोठ्या काकांचं. बारावं आमच्या आत्याचं. सतरावं दादाचं.

अठरावं नाव वाचायच्या आधी ती थांबली. “बाई, हे तुमचं माहेरचं नाव का?”

माझंच होतं ते. वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. त्या नावाने मला चाळीस वर्षांत कोणी हाक मारली नव्हती, आणि इथे ते दादाच्या खाली, धाकट्या चुलत भावाच्या वर व्यवस्थित बसलेलं होतं. मी म्हटलं, “हे चुकून राहिलं असेल. मी हक्कसोड करून दिलाय.”

हक्कसोडाचा किस्सा सांगायला हवा. वडील गेले त्या वर्षी मी गौरीजेवणाला माहेरी गेले असताना दादाने कागद पुढे केला, जमिनीवरचा माझा हक्क मी भावासाठी सोडते असा. आमच्याकडे बहिणीने भावाचा कागद वाचायचा नसतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण कागद वाचायला घेतला की घर गप्प होतं, वहिनी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि कोणी तरी म्हणतं, “वाच, वाच. शिकलेली हायस तू.” त्या ‘शिकलेली’त काय भरलेलं असतं ते शिकलेल्या बाईलाच कळतं. भावाचा कागद वाचणं म्हणजे भावाला चोर म्हणणं. मी वाचला नाही. सही केली, साडी घेतली, डोळे पुसले आणि माहेर शाबूत राहिल्याचा आनंद करत घरी आले.

काही वर्षांनी तशाच एका गौरीला दादाने आणखी एक कागद आणला. “पंपाच्या लाइटीचा हाय,” म्हणाला. हक्क सोडून बसलेल्या बहिणीची सही पंपाला कशाला लागते, हा प्रश्न चौथीतल्या मुलालाही पडला असता. मला पडला नाही. पानात घावन-घाटलं वाढलेलं होतं. मी हात धुऊन सही केली आणि पुन्हा पानावर बसले.

हे सगळं ऐकल्यावर माझ्या विद्यार्थिनीने सातबारा घडी घालून ठेवला. मग म्हणाली, “न वाचता, बाई?” तिला वर्गात मी ज्या सुरात विचारायचे, अगदी त्याच सुरात.

मालकांना प्रतिवादी करण्याचा अर्ज कोर्टात आला त्या दिवशी खाणवाल्याचे वकील फार प्रसन्न दिसत होते. त्यांनी उठून एक कागद सादर केला आणि म्हणाले, “ज्यांनी ही ओरड चालवली आहे, त्या वादी क्रमांक एक या स्वतः जमिनीच्या मालक आहेत, आणि खाणीला त्यांची लेखी संमती आहे.” पंपाच्या लाइटीचा कागद तो हाच. सही माझीच होती. प्रगतिपुस्तकावर करायचे तशी, गोल, सुवाच्य, खाली दोन टिंबं. जज्जसाहेबांनी मला पुढे बोलावून विचारलं, “ही सही आपली आहे?”

“हो.”

“मजकूर वाचला होता?”

“नाही.”

“आपण काय करत होता?”

“शिक्षिका होते.”

कोणी हसलं नाही, एवढा सभ्यपणा रत्नागिरीत अजून शिल्लक आहे. मी मात्र त्या क्षणी कोर्टाच्या फरशीत गडप व्हायला तयार होते. विहिरीत उतरणाऱ्या मातीला मी हात धुऊन, सुवाच्य अक्षरात परवानगी दिली होती, आणि नंतर त्याच मातीविरुद्ध सहा पानी मसुदा लिहिला होता. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

हुकूम झाला. खाणीबद्दल तक्रार करणारी आणि खाणीला संमती देणारी मालकीण एकाच बाजूला बसू शकत नाही. माझं नाव वादींतून कमी करून प्रतिवादींत घालावं. सातबाऱ्यावर मी अठरावी होते, पण प्रतिवादी क्रमांक एक खाणवाला असल्यामुळे सगळे एकेकाने खाली सरकले आणि मी एकोणिसावी झाले. चाचांना बढती मिळून ते वादी क्रमांक एक झाले. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाली, “बाई, आता मी तुमच्या विरुद्ध बाजूची वकील आहे. मला तुम्हाला सल्ला देता येणार नाही.” मी म्हटलं, “चौथीत दिला असतास तर बरं झालं असतं.” पण तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

चालू दाव्यात नवे प्रतिवादी सामील करणं हे लग्नाची आमंत्रणं वाटण्यासारखं काम आहे. कोणी सुटता कामा नये. जो सुटेल तोच पुढे आडवा येईल. एकतीस जणांपैकी नऊ नालासोपारा ते डोंबिवली पसरलेले. एक मस्कतला. एकाचा पत्ता ‘गिरणीसमोर’ एवढाच, आणि गिरणी कुठे उरली आहे? सात जण मेलेले. कोर्टाचा बेलिफ वरच्या गावात गेला की लोक त्याला चहा पाजून सांगत, “हे ना, हे गेले,” आणि तो समन्सावर ‘सदर इसम मयत’ असं लिहून परत येई. मग त्या मयत इसमांचे वारस शोधायला वेगळा अर्ज. दुरुस्त केलेल्या दाव्यात वाक्य होतं, ‘सर्व प्रतिवादींनी संगनमत करून’. त्या सर्वांत माझी आत्याही होती. मी शाळेत जायच्या आधी ती वारली. तिने कबरीतून नव्हे, थेट चितेवरून उठून येऊन माझ्याशी संगनमत केलं असणार.

समन्स माझ्याही घरी आलं. सोबत दाव्याची प्रत. मीच लिहिलेला दावा मलाच सही घेऊन पोच झाला. या वेळी मी सही करायच्या आधी सगळा वाचून काढला. बेलिफ पायरीवर पाऊण तास बसून होता.

त्या दिवसांत मला विहिरीवर जायला नको वाटायचं. मी पोचले की बायका बोलायच्या थांबत. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण मी वळले की मागे कानावर यायचंच, “बाईंची सही हाय म्हणे त्याच्यावर.” एक जण तर म्हणाली की बाईंना खाणीतून काही तरी मिळत असणार, उगाच कोण सही करील. मला त्या बाईचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि जरा जास्त चांगल्या शब्दांत म्हटलं असतं. चाचांनी मात्र एकदा रहाट ओढता ओढता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बाईंनी सही केली ती भावाला बघून. खाणवाल्याला बघून नाय. तुमी तुमच्या भावाचे कागद वाचता काय, सांगा बघू.”

आता माझी कैफियत लिहायची होती. दुसरा वकील करायचा म्हणजे पुन्हा सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची, आणि तेवढं तोंड माझ्यात उरलं नव्हतं. मी स्वतःच लिहायला बसले. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला प्रतिवादीने उत्तर द्यायचं असतं, खरं आहे की खोटं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेच परीक्षेला बसावं, तसा प्रकार. परिच्छेद एक, विहिरीचं पाणी लाल होतं: खरं आहे. परिच्छेद दोन, उन्हाळ्यात झरा आटतो: खरं आहे. परिच्छेद चार, प्रतिवादी बेजबाबदार आणि निष्काळजी आहेत. ती दोन्ही विशेषणं हट्टाने ठेवून घेतलेली माझीच, आणि ती मला मापं घेऊन शिवल्यासारखी बसत होती. मी लिहिलं, खरं आहे. शेवटी स्वतःच्या अक्षरात एक परिच्छेद वाढवला: मी संमती न वाचता दिली, ती चूक माझी आहे, आणि आजपासून मी ती मागे घेत आहे.

या शेवटच्या वाक्यात दम आहे की नुसती हौस, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते कळलं भाजीबाजारात. वकीलबाई पालेभाजी निवडत होती. माझ्याकडे न बघता, जणू भाजीवालीशीच बोलतेय अशी म्हणाली, “सल्ला नाही देत, बाई. पण नियम सगळ्यांना वाचायला मोकळे आहेत. खाणीचा परवाना दर वेळी नवा करून घ्यावा लागतो. त्याला सगळ्या मालकांची नवी संमती लागते. जो मालक नाही त्याला कोणी विचारत नाही.” मग माठाची जुडी पिशवीत टाकून निघून गेली. परवान्याची मुदत दोन महिन्यांत संपत होती. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की वादी म्हणून मी कितीही ओरडले असते तरी खाण थांबली असती की नाही देव जाणे. पण सातबाऱ्यावरचं अठरावं नाव जोवर तिथे आहे, तोवर माझ्या सहीशिवाय खड्डा झऱ्याकडे सरकणार नाही.

हे खाणवाल्यालाही कळलेलं होतं, कारण त्याच आठवड्यात दादा आला. वर्षभरात पहिल्यांदा. सोबत मिठाईचा खोका, साडीची पिशवी आणि एक टाइप केलेला कागद. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, “बाय, तुजा तो आधीचा हक्कसोड रजिस्टर करायचा ऱ्हायला. रत्नागिरीत खेपा कोण मारील, म्हणून ऱ्हायला. आता नवीन केलाय. सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे यायचं, फोटो काढतात, अंगठा घेतात, की झालं. तुजं नाव जाईल. मग तू परत वादी हो. खुशाल चालव आमच्यावर केस. माजा काय राग नाय.”

इतकी सोयीची गोष्ट मला आयुष्यात कोणी सुचवली नव्हती. सही केली की मी पुन्हा स्वच्छ. विहिरीवर मान वर करून जाता येईल, वकीलबाई पुन्हा माझी, आणि माहेरही शाबूत. फक्त मालक म्हणून मला विचारायचं कारण उरणार नाही, आणि खड्डा सुखाने झऱ्यापर्यंत येईल. दादाने हे शेवटचं सांगितलं नाही. कदाचित त्यालाही कोणी सांगितलं नसेल. तोही खाणवाल्याचे कागद वाचत नसावा.

मी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. दादाने मान फिरवली आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसला. चार पानं होती. मी चारही वाचली, एकही ओळ न गाळता, आणि त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, “सही नाही करणार, दादा.”

“माहेर तुटंल.”

“तुझ्या हातात आहे ते.”

तो मिठाई ठेवून गेला आणि साडी परत घेऊन गेला. गेटपर्यंत गेल्यावर एकदा थांबला, पण वळला नाही. मला फार वाईट वाटलं. याच दादाने मला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत नेलं होतं, माझ्या डीएडच्या अर्जावर वडिलांशी भांडून सही आणली होती. तो वाईट माणूस नाही. त्याच्या जगात बहीण ही प्रेमाची गोष्ट आहे, विचारण्याची नाही, एवढंच. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

पुढच्या तारखेला मी प्रतिवादींच्या बाकावर बसले. दादा त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला. मध्ये नालासोपाऱ्याचे दोन चुलत भाऊ आणि एक थर्मास. समोरच्या बाकावर चाचा आणि माझी वाडी. दादाकडच्या वकिलांनी जोरात मांडणी केली. प्रतिवादी क्रमांक एकोणीस यांचं नाव नुसतं कागदोपत्री आहे, त्या लग्न होऊन गेलेली मुलगी आहेत, जमिनीवर त्यांचा कब्जा नाही, हक्क त्यांनी पूर्वीच सोडलेला आहे, तेव्हा त्यांनी संमती मागे घेतली काय आणि न घेतली काय, काहीच फरक पडत नाही.

जज्जसाहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, “मग हा हक्क सोडल्यानंतरचा संमतीचा कागद. त्यावर त्यांची सही कशाला घेतली?”

वकिलांना एकाएकी खोकला आला. जज्जसाहेबांनी दादाला पुढे बोलावलं आणि त्याचा जबाब टाइप करून घ्यायला सांगितलं. “तुम्ही सांगा. तुमच्या या बहीण जमिनीच्या मालक आहेत की नाहीत?”

दादा अडकला होता, आणि तो कसा अडकला आहे हे सातबाऱ्यावरच्या मेलेल्या नातेवाइकांनाही कळलं असतं. ‘नाही’ म्हटलं तर मालक म्हणून माझी सही घेऊन परवान्याला जोडलेला कागद खोटा. ‘हो’ म्हटलं तर मालकाने संमती काढून घेतली आहे. त्याने वकिलांकडे बघितलं. वकील कागदांत बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही. मला त्याची कीव आली, आणि तरीही मनात एकच घोकत होते, बोल, दादा.

“हाय साहेब,” तो म्हणाला. “मालक हाय ती.” मग जरा थांबून, कोणी न विचारता म्हणाला, “आमच्याएवढीच.”

मला रडू फुटलं. कोर्टात, माझ्याच वाडीविरुद्धच्या बाकावर बसून, थर्मासच्या आडून मी रडले. हे एक वाक्य दादाच्या तोंडून यायला एक खाण लागली, एक लाल झालेली विहीर लागली, मेलेले धरून बत्तीस प्रतिवादी लागले. वडील गेले तेव्हा कोणी ते म्हटलं नव्हतं. सड्यावर पहिला चिरा कापला तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं. दोष वाटायची वेळ आली तेव्हा मात्र मला बरोबरीचा हिस्सा मिळाला.

मालकांपैकी एकाची संमती राहिलेली नाही आणि विहिरीला धोका दिसतो, म्हणून पुढचा हुकूम होईपर्यंत खाणीचं काम बंद ठेवावं, असं जज्जसाहेबांनी सांगितलं. समोरच्या बाकावर चाचांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. विहीर निदान या उन्हाळ्यापुरती वाचली होती. हुकूम आमच्या, म्हणजे प्रतिवादींच्या, विरुद्ध गेला होता, आणि मी हरलेल्या बाजूला होते.

बाहेर व्हरांड्यात दादा चपला घालत होता. “झालं मनासारखं?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. खरंच झालं नव्हतं. त्याने पुढे काही तरी बोलावं असं मला वाटत होतं. तो चुलत भावांबरोबर स्टँडकडे निघून गेला.

चाचा रिक्षा थांबवून माझी वाट बघत होते. त्यांना थांबायला सांगून मी नक्कल विभागात गेले. खिडकीतल्या कारकुनांनी दाव्याचा नंबर विचारला, वहीत बघितलं आणि माझ्याकडे जरा सहानुभूतीने बघत म्हणाले, “प्रतिवादी का? हुकूम विरुद्ध गेलाय. अपिलासाठी हवी ना नक्कल?”

“हुकमाची नको. आजच्या जबाबाची द्या. अपील करायचं नाही.”

“मग जबाबाची कशाला?” त्यांनी अर्जातल्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. “इथे काही तरी लिहावं लागतं.”

“त्यात माझ्या भावाचं एक वाक्य आहे,” मी म्हटलं. “ते मला लेखी हवंय.”